वीस हजारांत छोटा लॅपटॉप: पैसे वसूल होतील का, हे घेण्याआधी कसं ओळखायचं

आधी निकाल, मग कारणं.

४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी साठवण आणि विंडोज ११ असं त्रिकूट असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ८ जीबी रॅम, बदलता येणारी एसएसडी (ईएमएमसीपेक्षा वेगवान साठवण) आणि इंटेल एन१०० किंवा त्यापुढची चिप असलेला नवा छोटा लॅपटॉप बजेटमध्ये बसत असेल तर बिनधास्त घ्या. तो बसत नसेल, तर तेवढ्याच पैशांत कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, आठव्या पिढीच्या कोअर आय५ चा वापरलेला लॅपटॉप शोधा. काम फक्त ब्राउझरपुरतं असेल तर क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, चालेल.

हा निकाल ठरतो तो मुख्यतः एका गोष्टीवरून: रॅम आणि स्टोरेज मदरबोर्डला (आतल्या मुख्य पाटीला) सोल्डर केलेलं, म्हणजे कायमचं जोडलेलं आहे, की खाचेत बसवलेलं. खाचेत असेल तर आज कमी पडणारा लॅपटॉप दोन वर्षांनी थोडक्या खर्चात सावरता येतो. सोल्डर केलेलं असेल तर पहिल्या दिवशी मिळालं तेवढंच शेवटपर्यंत.

४ आणि ६४ ही जोडी का टाळायची

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे. सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये नेमकं तेवढंच दिलेलं असतं, कारण तेवढ्यावर खोक्यावर विंडोज ११ छापता येतं. पण किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरतं. काहीही न उघडता नुसतं सुरू ठेवलं तरी विंडोज दोन ते अडीच जीबी रॅम धरून बसतं. ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, तिचा वाटाही याच चारातून जातो. त्यावर क्रोममध्ये जीमेल, एखादा गूगल डॉक, व्हॉट्सॲप वेब आणि यूट्यूब उघडलं की रॅम संपते. मग विंडोज जास्तीचा माल स्टोरेजवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. खरी अडचण इथे सुरू होते.

ईएमएमसी म्हणजे स्वस्त फोनमध्ये असते त्या जातीची साठवणुकीची चिप. ५.१ या आवृत्तीत तिची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे. साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, चांगली एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे. त्याहून वाईट म्हणजे ईएमएमसी एका वेळी एक तर वाचते नाही तर लिहिते. दोन्ही एकदम करत नाही. म्हणून मागे अपडेट उतरत असताना वर्ड उघडायला गेलात की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. अशा वेळी प्रोसेसरला दोष दिला जातो, पण टास्क मॅनेजर उघडून बघा: डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतं.

जागेचं गणितही जमत नाही. ६४ जीबीची चिप विंडोजमध्ये ५८ जीबीच्या आसपास दिसते. अपडेटांसकट विंडोज २५ ते ३० जीबी खातं. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला तात्पुरती २० जीबीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. ऑफिस, क्रोम आणि मोबाइलमधले थोडे फोटो आले की ती जागा उरत नाही, अपडेट अर्ध्यावर थांबतं आणि शेवटी ८००७००७० असा आकडा असलेली चूक दाखवतं. त्याचा अर्थ एवढाच की डिस्क भरली. पुढे चिपच गेली तर मदरबोर्ड बदलणं किंवा ती चिप उकलून नवी बसवणारा कारागीर गाठणं, एवढेच दोन मार्ग राहतात आणि इतक्या स्वस्त यंत्रावर तेवढा खर्च बहुधा परवडत नाही.

हे दुखणं जुनं आहे. २०१६ मध्ये आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांत आला तेव्हा त्यात २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि विंडोज १० होतं. ३२ जीबीच्या यंत्रांवर विंडोज १० चं मोठं अपडेट बसवायला बाहेरून पेन ड्राइव्ह लावावा लागे. याउलट २००७ चा आसूसचा ई पीसी ७०१ बघा. ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, फक्त ४ जीबी साठवण, आणि तरीही तो चालला, कारण त्यावर त्याच्या मापाची लिनक्स होती. छोट्या लॅपटॉपचा हिशेब करताना यंत्र आणि त्यावरची प्रणाली यांचा मेळ बसतो का, हेच पाहावं लागतं.

नावं आणि आकडे कसे वाचायचे

इंटेलने २०२३ पासून स्वस्त चिपांवरची सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं बंद केली. पण जुनी सेलेरॉन चिप असलेले नवे लॅपटॉप त्यानंतरही विक्रीला येत राहिले. एन४०२० ही २०१९ च्या अखेरची चिप, दोन कोअरची (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). एन४५०० ही २०२१ ची, तीही दोन कोअरची. एन१०० ही २०२३ ची आणि चार कोअरची. तिघींची वीज मर्यादा ६ वॅटच, पण प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या पासमार्कच्या चाचणीत एन४०२० ला साधारण दीड हजार गुण मिळतात तर एन१०० ला साडेपाच हजारांच्या आसपास. एका अक्षराच्या आणि तीन-चार आकड्यांच्या या नावांत साडेतीन पटींचा फरक लपलेला असतो, आणि खोक्यावर मात्र दोन्हीकडे फक्त ‘इंटेल’ ठळक छापलेलं असतं.

एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीत रायझन ३ ७३२०यू हे नाव २०२२ चं, पण आतली कोअर झेन २ म्हणजे २०१९ ची. कामाला ती बरी आहे. मात्र ही चिप फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेते आणि ती कायम सोल्डर केलेलीच असते, म्हणून ८ जीबीची आवृत्तीच घ्या. ॲथलॉन सिल्व्हर ७१२०यू त्याच घराण्यातली, पण दोन कोअरची, ती टाळा.

वापरलेल्या लॅपटॉपच्या जाहिरातीत नुसतं ‘आय७’ लिहिलेलं असेल तर भुलू नका. पुढचा आकडा विचारा. आय५-८२५०यू मध्ये ८ म्हणजे आठवी पिढी. हा आठ दोन कारणांनी महत्त्वाचा. एक, सातव्या पिढीपर्यंत यू मालिकेतल्या (लॅपटॉपसाठीच्या, कमी विजेच्या) आय५ ला दोनच कोअर होते, आठव्या पिढीत चार झाले. दोन, विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचं यंत्र फक्त लिनक्ससाठी घ्यायचं असेल तरच घ्या, आणि किंमत तशी पाडून घ्या.

पडद्याबद्दल थोडक्यात: स्वस्त मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चा टीएन पॅनेल असतो. समोरून ठीक, बाजूने किंवा खालून पाहिलं की रंग उलटे होतात. रोज दोन तासांहून जास्त वाचायचं-लिहायचं असेल तर आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा पॅनेल) आणि १९२० बाय १०८० मागा. या एका गोष्टीसाठी हजार-दीड हजार जास्त गेले तरी हरकत नाही.

‘ऑफिससह’ लिहिलेलं असेल तर कायमचा परवाना आहे की वर्षाचं सदस्यत्व, ते विचारून घ्या. वर्ष संपलं की सदस्यत्वातलं वर्ड फाइल दाखवतं, बदल करू देत नाही. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप बसतात, त्यातून बाहेर पडणं फुकट असतं, पण परत आत जाता येत नाही.

नवा एन१०० की वापरलेला आय५

वापरलेल्यांत ही नावं शोधा: लेनोवो थिंकपॅड टी४८० (१४ इंच, रॅमच्या दोन खाचा, दोन बॅटऱ्या, त्यातली मागची बाहेरून निघणारी), एचपी एलिटबुक ८३० जी५ (१३.३ इंच, दोन खाचा), डेल लॅटिट्यूड ७२९० (१२.५ इंच). थिंकपॅड एक्स२८० सुबक आहे, पण त्याची रॅम सोल्डर केलेली. ८ जीबीच्या खालचा नको. ही यंत्रं मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून एकगठ्ठा विकलेली असतात. बिजागरी, कीबोर्ड आणि सांगाडा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी मजबूत असतो.

हिशेब महिन्याचा करा. १८ हजारांचा ४ जीबीचा सेलेरॉन लॅपटॉप दोन वर्षांत नकोसा झाला तर महिन्याला ७५० रुपये पडले. २० हजारांचा वापरलेला आय५, त्यात बॅटरीसाठी आणखी ३ हजार, आणि चार वर्षं चालला तर महिन्याला ४८० च्या आसपास. तुमच्या शहरातले भाव वेगळे असतील, रीत हीच. एक गोष्ट मात्र बदलली आहे: २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही बरीच महागली. ‘आता ४ जीबीचा घेऊ, रॅम नंतर टाकू’ हा पूर्वीचा हिशोब त्यामुळे जमत नाही. ज्या यंत्रात ८ किंवा १६ जीबी आधीच बसवलेली आहे तेच घ्या.

वापरलेला कुणी घेऊ नये? जवळपास दुरुस्तीवाला नाही, घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी हवी आहे, चार्जरशिवाय सलग सहा-सात तास लागतात, किंवा एसटीने रोजच्या प्रवासात पाठीवर दीड किलो नको आहे, त्यांनी नवा एन१०० बघावा. त्याला पंखा नसतो किंवा अगदी छोटा असतो. धूळ कमी जाते, आवाज होत नाही. पण पंखा नाही म्हणजे उष्णता सांगाड्यातून बाहेर पडते. मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या खोलीत गादीवर ठेवून वापरला तर चिप स्वतःचा वेग उतरवते. टेबलावर ठेवा, खाली हवा खेळू द्या.

दुकानातला अर्धा तास

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याच्या गावातलं दुकान, सोबत तीन वस्तू न्या: मोबाइलचा हॉटस्पॉट, इअरफोन आणि १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. पुढच्या कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या; इथे उच्चार दिले आहेत.

लॅपटॉप उलटा करून पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक वाचा. मालिकेचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली ४ जीबी ईएमएमसी आणि ८ जीबी एसएसडी अशा दोन्ही आवृत्त्या विकल्या जातात. लेनोवो, डेल, एचपी तिघांच्याही संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून मूळ घडण किंवा वॉरंटीची तारीख बघता येते.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ लिहिलेलं असेल तर रॅम खाचेत आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सोल्डर केलेली. त्याच्याच वर किती खाचा वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. ‘१ ऑफ २’ दिसलं तर एक मोकळी आहे. एवढी एक खिडकी बघायला दहा सेकंद लागतात आणि तिने निम्मा निर्णय होतो.

स्टोरेजसाठी विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. ईएमएमसीलाही तो एसएसडी म्हणेल, आणि विंडोजच्या जुन्या आवृत्तीत टास्क मॅनेजरही तसंच दाखवतो. पॉवरशेल उघडून ‘गेट-डिस्क’ लिहा, मग उभी रेघ (|), मग ‘सिलेक्ट फ्रेंडलीनेम, बसटाइप’. एनव्हीएमई आलं तर एसएसडी. साटा आलं तर एसएसडी किंवा जुनी हार्ड डिस्क. एसडी किंवा एमएमसी आलं तर ईएमएमसी. पेन ड्राइव्हमध्ये डिस्कचं आरोग्य दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची बसवावी न लागणारी आवृत्ती आणली असेल तर तीही चालवा. एसएसडीचं आरोग्य ८५ टक्क्यांच्या वर असावं. आणि यादीत डिस्कच दिसली नाही तर बहुतेक वेळा ती ईएमएमसी असते.

बॅटरी वापरलेल्या यंत्रात सर्वांत जास्त फसवते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, जागा (स्पेस), तिरकी रेघ (/) आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहा. तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडून ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. ४८,००० आणि ३३,६०० असतील तर ७० टक्के उरली आहे. त्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या फेऱ्या शून्य दिसल्या तर लगेच खूश होऊ नका: बॅटरी बाजारातली बदली असू शकते. चार्जर काढून यूट्यूब १५ मिनिटं चालवा. पाच टक्क्यांच्या आसपास उतरली तर चार-पाच तासांची आशा धरा. टचपॅड एका बाजूने उचललेला असेल, त्याची टिचकी बसत नसेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप चालू करून बघण्याचीही गरज नाही.

व्हिडिओ चालू असतानाच त्यावर उजवी टिचकी देऊन ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. १०८०पी ला गळालेल्या फ्रेमचा आकडा सारखा वाढत असेल आणि कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) ‘एव्ही०१’ म्हणजे एव्ही१ दिसत असेल तर कारण स्पष्ट आहे: एन४०२० सारख्या चिपेत एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, सगळा भार दोन कोअरवर येतो. एन१०० मध्ये ती सोय आहे. आठव्या पिढीच्या आय५ मध्येही नाही, पण चार कोअर १०८०पी ओढून नेतात.

नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ एकदा दाबा, विशेषतः स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि बाणाच्या चार कळा. परदेशातून आलेल्या मालात जर्मन किंवा ब्रिटिश कीबोर्डवर स्टिकर चिकटवलेले असतात. एंटर कळ उभी, दोन ओळींची असेल तर तीच खूण. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक आणि देवनागरी इनस्क्रिप्ट दोन्ही कीबोर्ड फुकट मिळतात, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत देणाऱ्याला नाही म्हणा. इंग्रजी (भारत) कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं.

वापरलेल्या यंत्रात आणखी दोन कुलपं तपासायची असतात आणि इथे घाई अजिबात नको. पहिलं बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीचं. यंत्र सुरू होताना थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१० आणि डेलला एफ२ दाबा. पासवर्ड मागितला तर घेऊ नका. हे पासवर्ड घरबसल्या निघत नाहीत. आत सिक्युरिटीमध्ये ‘ॲब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ या चोरीविरोधी सोयीपुढे ‘ॲक्टिव्हेटेड’ लिहिलेलं असेल तरीही घेऊ नका.

दुसरं कुलूप दिसत नाही. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप दुरून सांभाळता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या सोयीत नोंदवतात. कंपनीने विकताना ती नोंद काढली नसेल, तर तुम्ही कधी विंडोज रिसेट करून इंटरनेट जोडलंत की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागितला जातो. विक्रेते इंटरनेट न जोडता विंडोज टाकून देतात, म्हणून दुकानात सगळं सुरळीत दिसतं. उपाय एकच: ‘रिसेट धिस पीसी’ करायला लावा, सुरुवातीच्या पडद्यांवर आपला हॉटस्पॉट जोडा आणि कुठल्या कंपनीचं नाव येतं का ते पाहा. पाऊण तास जाईल, जाऊ द्या. विक्रेता तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. ऑनलाइन मागवला असेल तर हे पहिल्याच दिवशी करा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

विंडोजचा परवाना खरा आहे का, हे सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’खाली कळतं. ‘डिजिटल लायसन्स’ असं असेल तर ठीक. ‘ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा चोरीच्या युक्तीने चालू केलेलं आहे. काही महिन्यांनी बंद पडेल.

चार्जर मूळ आहे का तेही बघा. डेल लॅटिट्यूडला ओळख न पटलेला चार्जर लावला तर सुरू होतानाच तसा संदेश येतो, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवला जातो. लोक त्याला लॅपटॉप बिघडला समजतात. टी४८० मध्ये यूएसबी-सी ची दोन्ही तोंडं चार्जर लावून तपासा. त्या काळच्या थिंकपॅडांत थंडरबोल्ट फर्मवेअरच्या (या तोंडांना चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) दोषाने ही तोंडं निकामी होत, आणि लेनोवोने त्यासाठी फर्मवेअर अपडेट दिलेलं आहे. तोंडं चालू असतील तर घरी नेल्यावर ते अपडेट सर्वांत आधी टाका, नंतर उपयोग नाही.

बिलावर सिरियल क्रमांक, दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची आणि त्यात बॅटरी-चार्जर येतात का, एवढं लिहून घ्या. तोंडी ‘काही झालं तर आणा’ याला किंमत नसते.

क्रोमबुक आणि अँड्रॉइडवाले

क्रोमओएस ४ जीबीत विंडोजपेक्षा बरीच हलकी चालते. गूगल डॉक्स, ऑनलाइन वर्ग, महाडीबीटीसारखे अर्ज, यूट्यूब एवढ्यासाठी ती पुरते. टॅली, ऑटोकॅड, अँड्रॉइड स्टुडिओ किंवा फक्त विंडोजवर चालणारं परीक्षेचं सॉफ्टवेअर लागणार असेल तर हा रस्ता नको. घेण्याआधी सेटिंगमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली अपडेटची शेवटची तारीख बघा. २०२१ पासूनच्या क्रोमबुकना गूगल दहा वर्षं अपडेट देते, पण ती दहा वर्षं त्या हार्डवेअरच्या बाजारात येण्यापासून मोजली जातात, तुमच्या बिलापासून नाही.

२०२३ मध्ये १६,४९९ रुपयांत आलेला जिओबुक ११ अँड्रॉइडवर बेतलेल्या जिओओएसवर चालतो, वजन एक किलोच्याही आत. त्याच्याकडे कीबोर्ड असलेला टॅब म्हणून पाहिलं तर किंमत समजते. त्यावर विंडोज टाकता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

घरात आधीच ४ जीबीचा असेल तर

फेकू नका. पहिल्यांदा सेटिंगमध्ये ‘ॲप्स’ आणि मग ‘स्टार्टअप’ उघडून सगळं बंद करा. सोबत आलेला मुदतीचा अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे आणि दोन एकत्र चालवायला इथे रॅम नाही. एज वापरत असाल तर ‘स्लीपिंग टॅब्स’ सर्वांत कमी वेळेवर ठेवा, क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ बंद केलं की यूट्यूब जुन्या कोडेकमध्ये व्हिडिओ देतं आणि तो एन४०२० ला झेपतो.

जागेसाठी प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ ‘एच’, जागा, ‘ऑफ’ लिहिल्याने हायबरनेशनची फाइल जाते आणि दीड जीबीच्या आसपास जागा सुटते. ‘कॉम्पॅक्ट’, जागा, तिरकी रेघ ‘कॉम्पॅक्टओएस’, कोलन (:) आणि ‘ऑलवेज’ या कमांडने विंडोजच्या फाइली दाबून आणखी दोन जीबीच्या आसपास निघतात. १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून डाउनलोड, फोटो आणि व्हिडिओ तिकडे हलवा. प्रोग्राम मात्र त्यावर बसवू नका, कार्ड हळू असतं आणि एकुलती एक प्रत त्यावर ठेवणंही धोक्याचं.

मागचं झाकण उघडून एकदा बघाच. काही मॉडेलमध्ये ईएमएमसी असूनही एम.२ ची खाच रिकामी असते. तिथली लांबी ४२ मिलिमीटरची आहे की ८० ची, आणि साटा चालते की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या माहितीपत्रकातून पाहूनच एसएसडी घ्या. नवी विंडोज त्या एसएसडीवर टाका आणि ईएमएमसी नुसत्या साठवणीला ठेवा. रॅम तीच राहील, पण अडखळणं बरंच कमी होईल.

खाच नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती किंवा क्रोमओएस फ्लेक्स (साध्या लॅपटॉपवर टाकता येणारी क्रोमओएस) टाका. दोन्हींसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल रुफसने पेन ड्राइव्हवर लिहा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि काहीही न पुसता आधी वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे चार तपासा. आवाज न येणं ही स्वस्त सेलेरॉन लॅपटॉपवरची नेहमीची तक्रार आहे. तो पेन ड्राइव्हवरून येत नसेल तर बसवल्यावरही आपोआप येणार नाही. मराठीसाठी मिंटमध्ये आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं की इनस्क्रिप्ट मिळतं. फ्लेक्सला किमान ४ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण लागते, आणि त्यावर प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत. दोन्हीकडे जाण्याआधी पुढे विंडोज परत टाकायची वेळ येईल हे धरून एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा. त्याला किमान १६ जीबी लागतात, पण मग ईएमएमसीवाल्या यंत्रात कंपनीचे ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही.

पहिला आठवडा

नवा असो वा वापरलेला, पहिल्या सात दिवसांत त्याच्याकडून खरं काम करून घ्या. एक तासाचा व्हिडिओ कॉल लावा आणि त्याच वेळी डॉक उघडून टाइप करा. सगळी अपडेट संपेपर्यंत दोन-तीनदा रिस्टार्ट करा. रात्री झाकण मिटून ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा. दहा टक्क्यांहून जास्त उतरली तर झाकण मिटल्यावर यंत्र झोपतच नाही, एक तर ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये हायबरनेट निवडा नाही तर ड्रायव्हर तपासा. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी चकत्यांना धरून असतात आणि त्या चकत्या एकदा उखडल्या की पडद्याची वायरही तुटते. लेनोवो, एचपी, डेल यांच्या ऑफिसी मॉडेलमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते. दिवसभर चार्जरवर असणाऱ्या यंत्रात ती पहिल्याच दिवशी चालू करा.